कॅलिपरचा रंग: कुठे द्यावा, कुठे देऊ नये

काही वर्षांपूर्वीपर्यंत मोटारीचा ब्रेक कोणाला दिसत नसे. लोखंडी रिमवर प्लास्टिकची व्हीलकॅप बसवलेली असे आणि तिच्याआड काय आहे ते फक्त मेकॅनिकला माहीत असे. अलॉय व्हील आले आणि हे झाकण गेले. आज छत्रपती संभाजीनगरच्या जालना रोडवर सिग्नलला उभ्या असलेल्या गाड्या पाहा. रुंद आऱ्यांच्या मधून चकचकीत डिस्क दिसते आणि तिच्या कडेला बसलेला कॅलिपरही दिसतो. दोन-तीन पावसाळे काढलेल्या गाडीत तो बहुधा गंजून तपकिरी झालेला असतो. धुऊन-पुसून लख्ख केलेल्या गाडीत एवढाच भाग खटकतो आणि मग मालकाच्या मनात येते की याला लाल, पिवळा, निदान काळा रंग घरीच का देऊ नये?

द्यायला हरकत नाही. काम अवघड नाही आणि खर्च हाताबाहेरचा नाही. पण हा रंग दरवाजा-खिडकीच्या रंगासारखा नव्हे. कॅलिपरचे काही भाग रंगाने सुरक्षित होतात आणि काही भाग रंगानेच बिघडतात. या दोहोंमधली रेघ कळली की उरलेले काम फक्त धीराचे आहे. ती रेघ समजून घेण्यासाठी आधी ब्रेक समजून घ्यायला हवा.

ब्रेक घडवणारे शहर

हे समजून घ्यायला संभाजीनगरइतकी योग्य जागा क्वचितच सापडेल. बजाज ऑटोच्या वाळूज कारखान्याचे उद्घाटन ५ नोव्हेंबर १९८५ रोजी तत्कालीन राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते झाले. त्याच वर्षी याच शहरात ॲल्युमिनियमच्या डाय-कास्टिंगचा एक छोटा उद्योग सुरू झाला, त्याचीच पुढे एन्ड्युरन्स टेक्नॉलॉजीज ही कंपनी झाली. वाळूजला मुख्यालय असलेली ही कंपनी आज दुचाकींच्या डिस्क ब्रेकचे कॅलिपर, डिस्क आणि मास्टर सिलिंडर बनवते. २०२० मध्ये तिने ग्रिमेका ही दुचाकींचे ब्रेक बनवणारी इटालियन कंपनीही विकत घेतली. शेंद्र्याला २००१ पासून स्कोडाच्या मोटारी जोडल्या जाऊ लागल्या. चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूल रूममधून साचे बनवणारे कारागीर तयार होतात. शहराला गाड्यांची हौसही दांडगी आहे. २०१० मध्ये इथल्या मंडळींनी एकत्र येऊन एकाच वेळी १५० मर्सिडीज घेतल्या, तेव्हा देशभर त्याची बातमी झाली होती.

म्हणजे कास्टिंग, मशिनिंग, प्लेटिंग, पावडर कोटिंग हे शब्द इथल्या कितीतरी घरांत जेवणाच्या ताटावर बोलले जातात. कारखान्यात ब्रेकच्या भागावर कोटिंग कसे होते आणि का होते, ते ज्ञान शहरात आहेच. घरी चाक खोलून बसणाऱ्याने त्यातले थोडे उचलले तरी त्याचे काम वरच्या दर्जाचे होईल.

पेडल दाबल्यावर काय होते

ब्रेक पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधले ब्रेक ऑइल दाबले जाते. तो दाब नळीतून चाकापर्यंत पोचतो आणि कॅलिपरमधला पिस्टन पुढे सरकतो. पिस्टन आतल्या बाजूचा पॅड डिस्कवर दाबतो. आपल्याकडच्या बहुतेक मोटारींत पिस्टन एकाच बाजूला असतो, मग बाहेरचा पॅड कोण दाबतो? इथे कॅलिपरची खरी करामत आहे. त्याचे धड दोन गाइड पिनांवर सरकते ठेवलेले असते. आतला पॅड डिस्कला भिडला की प्रतिक्रियेने सगळे धड आतल्या बाजूला सरकते आणि बाहेरचा पॅडही ओढून डिस्कवर आणते. पेडल सोडले की पिस्टनभोवतीचे रबरी सील, जे दाबाखाली किंचित पिळले गेलेले असते, ते मूळ आकाराला येते आणि पिस्टनला केसभर मागे ओढते. त्या केसभर अंतरावर चाक मोकळे फिरते.

यात तीन गोष्टी सरकतात: पिस्टन, गाइड पिन आणि पॅडचे कान ज्या खाचेत बसतात त्या खाचेतले पॅड. या तिन्ही ठिकाणी अंतर मिलिमीटरच्या अंशात मोजायचे असते. रंगाचा एक हात वीसेक मायक्रॉनचा धरला तर तीन-चार हातांचा थर साठ ते ऐंशी मायक्रॉन होतो. बाहेरच्या धडावर हा थर काहीच नाही, पण सरकत्या जागी तो अडसर ठरतो.

डिस्क ब्रेकची कल्पना जुनी आहे. इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टरने १९०२ मध्येच तिचे पेटंट घेतले होते. पण जगाचे लक्ष गेले ते १९५३ च्या ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत डनलॉपच्या डिस्क ब्रेकवर धावणाऱ्या जग्वारने बाजी मारली तेव्हा. १९५५ च्या सित्रोएन डीएसमुळे ते तंत्र रोजच्या मोटारीत रुळू लागले. ड्रम ब्रेकवर डिस्कने मात केली ती उष्णतेमुळे. डिस्क उघड्यावर असते, वारा लागतो, ती लवकर निवते.

उष्णतेचा हिशेब

गाडी थांबवणे म्हणजे तिच्या वेगातली ऊर्जा उष्णतेत बदलणे. शहराजवळून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. माणसांसकट १,२०० किलो वजनाची गाडी त्या वेगातून पूर्ण थांबवली, तर साधारण ६ लाख ६७ हजार ज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये जिरते. माठातले दोन लिटर गार पाणी उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते, तेवढी ही आहे आणि ती काही सेकंदांत तयार होते. हीच गाडी ताशी ६० वरून थांबवली तर ऊर्जा निम्मी नव्हे, एक चतुर्थांश जिरते, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

घाटाचे गणित आणखी वेगळे. कन्नडहून चाळीसगावकडे उतरणारा औट्रम घाट ज्यांनी उतरला आहे, त्यांना ब्रेकचा जळका वास ओळखीचा असेल. हीच १,२०० किलोची गाडी १०० मीटर खाली आली की सुमारे ११ लाख ७५ हजार ज्यूल ऊर्जा मोकळी होते. म्हणजे महामार्गावरच्या त्या एका थांबण्याच्या जवळजवळ पावणेदोन पट. खालच्या गिअरमध्ये उतरणाऱ्याच्या वतीने यातला बराच भार इंजिन उचलते. वरच्या गिअरमध्ये पेडलवर पाय ठेवून उतरणाऱ्याचा सगळा भार डिस्कवर येतो.

यातली बहुतांश उष्णता डिस्कमध्ये जाते आणि तिथून वाऱ्यावर. शहरातल्या चालवण्यात डिस्क शंभर-दोनशे अंशांच्या घरात राहते, घाटात किंवा जोरदार ब्रेकिंगमध्ये ती तीनशेच्या पुढे जाऊ शकते. कॅलिपरपर्यंत पॅडमधून गाळून आलेली उष्णता पोचते, त्यामुळे तो डिस्कपेक्षा बराच कमी तापतो. कॅलिपर किती तापू द्यायचा याची एक मर्यादा आतले ब्रेक ऑइलच घालते. डॉट ४ प्रतीचे नवे ऑइल किमान २३० अंशांना उकळते आणि हवेतला ओलावा शोषून जुने झालेले १५५ अंशांनाही उकळू शकते. ऑइल उकळले की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल खाली बसते. म्हणून कॅलिपरला उन्हाळ्यातल्या बॉनेटपेक्षा कितीतरी जास्त ताप सोसणारा रंग हवा, पण सायलेन्सरला लागतो तसा सहाशे अंशांचा रंग हवाच असे नाही. रंग निवडताना हा फरक पुन्हा उपयोगी पडेल.

कारखाना रंग का देत नाही

साध्या मोटारीचा कॅलिपर बिडाचा असतो, नेमके सांगायचे तर फाउंड्रीवाले ज्याला एसजी आयर्न म्हणतात त्या चिवट बिडाचा. बीड उघडे ठेवले तर गंजतेच. म्हणून कारखान्यात त्यावर झिंक प्लेटिंग करतात. नव्या कॅलिपरवर दिसणारी फिकट सोनेरी किंवा चंदेरी झाक ही त्याच थराची आणि त्यावरच्या रासायनिक प्रक्रियेची. हा थर अवघा काही मायक्रॉनचा असतो. झिंक स्वतः झिजून लोखंडाला वाचवते. प्लेटिंगचा मोठा फायदा असा की पातळ आणि सारखा थर सगळीकडे बसतो आणि सरकत्या जागांची मापे बिघडत नाहीत. रंगाने हे साधत नाही, म्हणून स्वस्त आणि मोठ्या संख्येने बनणाऱ्या कॅलिपरला रंगाऐवजी प्लेटिंग मिळते. ते किती टिकेल हे पाहायला कारखान्यांत नमुने ३५ अंशांच्या बंद पेटीत ५ टक्के मिठाच्या पाण्याच्या फवाऱ्याखाली तासन्‌तास ठेवतात.

रस्त्यावर हे झिंक हळूहळू संपते. पावसाचे पाणी, ब्रेकची लोखंडी धूळ, उडणारे खडे आणि चाके उजळण्यासाठी वापरलेली ॲसिडची द्रावणे यांनी ते लवकर संपते. मग गंज धरतो. धडावरचा तांबूस गंज दिसायला वाईट असतो, पण जाडजूड बिडाला त्याने इतक्यात काही होत नाही. काळजीचा गंज वेगळा असतो. पॅडचे कान जिथे बसतात त्या खाचेत गंज फुगला की पॅड अडकतो. गाइड पिनाचे रबर फाटून आत पाणी गेले की पिन जाम होते. मग चाक पूर्ण मोकळे फिरत नाही, एक पॅड दुसऱ्याच्या आधी संपतो, ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढते आणि पेट्रोल जास्त लागते. रंग देण्याच्या निमित्ताने चाक खोलले की हे सगळे डोळ्यांना दिसते. मला या उद्योगाचे मोल सर्वांत जास्त यासाठी वाटते.

दोन समजुती

रंग दिला की ब्रेक गरम राहतो, अशी भीती अनेकांना असते. शंभर मायक्रॉनच्या थराचा उष्णतेला होणारा अडथळा, धातूवरून वाऱ्यात उष्णता जाताना होणाऱ्या अडथळ्याच्या तुलनेत अगदी किरकोळ, शंभरात एक-दोन भागांचा असतो. शिवाय तापलेली वस्तू उष्णता किरणांनीही बाहेर टाकते आणि रंगवलेला पृष्ठभाग हे काम चकचकीत उघड्या धातूपेक्षा चांगले करतो. त्या किरणांच्या बाबतीत लाल, काळा आणि पिवळा हे रंग जवळपास सारखेच वागतात. म्हणून रंगाने ब्रेक तापत नाही.

दुसरी समजूत उलटी: लाल कॅलिपर म्हणजे जास्त ताकदीचा ब्रेक. ती आली मोठ्या गाड्यांवरून. पोर्शने आपल्या गाड्यांत कॅलिपरच्या रंगाला अर्थच दिला आहे. तिथे पिवळा कॅलिपर असेल तर डिस्क सिरॅमिकची, पांढरा असेल तर डिस्कवर टंगस्टन कार्बाइडचा थर, पोपटी असेल तर गाडी हायब्रिड. तिथे आधी यंत्र बदलते, मग रंग. आपल्या गाडीचा पिस्टन तोच, पॅड तेच आणि डिस्क तीच असेल, तर थांबण्याचे अंतर एका फुटानेही कमी होणार नाही. म्हणून दुसऱ्या कंपनीचे नाव लिहिलेले स्टिकर लावू नयेत. कॅलिपरवर चिकटवायची रंगीत खोकी तर मुळीच घेऊ नयेत. ती वारा अडवतात आणि सुटली तर फिरत्या चाकात अडकतात. स्वच्छ, गंज नसलेला, नीट रंगवलेला आपलाच कॅलिपर हा अभिमानाचा पुरेसा विषय आहे.

कोणता रंग

डब्यावर तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, किती तापमान सोसतो. अडीचशे अंश किंवा त्याहून जास्त लिहिलेले असावे. दुसरी, ब्रेक ऑइल लागले तर टिकतो का. ब्रेक ऑइल हे खरे तर तेल नाही, ग्लायकॉलच्या कुळातला तो द्रव आहे आणि साधा रंग त्याच्या थेंबाने सुरकुततो. तिसरी, तो वाळतो कसा.

या तिसऱ्या मुद्द्यावर पुष्कळ जण फसतात. सायलेन्सरसाठी मिळणाऱ्या सिलिकॉनच्या उच्च-ताप स्प्रेवर सहाशे अंश लिहिलेले असते, म्हणून तो अधिक चांगला वाटतो. पण असे बरेच रंग दोनशेच्या आसपास तापवून भाजल्याशिवाय पक्के होत नाहीत. सायलेन्सर आपोआप तेवढा तापतो. रोजच्या वापरात कॅलिपर तेवढा तापत नाही, म्हणून रंग कच्चा राहतो आणि ब्रेक ऑइलने किंवा क्लीनरने निघून येतो. कॅलिपरसाठीच बनवलेला, घरच्या तापमानाला वाळणारा एनॅमल, किंवा त्याहून चांगला म्हणजे दोन डब्यांचा, हार्डनर मिसळून ब्रशने लावायचा रंग घ्यावा. एकदा मिसळला की तो ठरावीक वेळातच वापरावा लागतो, म्हणून मिसळण्याआधी सगळी तयारी पूर्ण हवी.

घरात उरलेला लोखंडी गेटचा ऑइल पेंट वापरण्याचा मोह टाळावा. तो उष्णतेने पिवळा पडतो, हे एक. दुसरे कारण कमी लोकांना माहीत असते. तेलावर आधारलेले रंग झिंकशी रासायनिक क्रिया करून साबणासारखा थर बनवतात आणि त्यामुळे जिथे झिंक शाबूत असते तिथूनच रंग पापुद्र्याने सुटतो. झिंकवर बसणारा इपॉक्सी प्रायमर किंवा रंगाच्या कंपनीने सांगितलेलाच प्रायमर लावावा.

हंगाम आणि जागा

आपल्याकडे या कामाचा खरा काळ दिवाळीपासून होळीपर्यंतचा. हवा कोरडी असते आणि दुपार सौम्य. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा स्प्रेचे थेंब धातूवर पोचण्याआधीच अर्धे वाळतात आणि रंग खरखरीत येतो. शिवाय तेव्हा वाऱ्याबरोबर धूळ असते. पावसाळ्यात हवेतला ओलावा रंगात अडकून वर पांढुरकी झाक येते. सकाळी दव ओसरल्यावर, सावलीत, सपाट फरशीवर काम सुरू करावे. गाडी नुकतीच चालवून आणली असेल तर ब्रेक पूर्ण निवू द्यावा.

गाडी उचलताना क्रम चुकवू नये. विरुद्ध टोकाच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावावेत. चाक जमिनीवर असतानाच नट थोडे सैल करावेत. मग जॅक लावावा, लगेच घोडी (जॅक स्टँड) ठेवावी आणि गाडीचा भार घोडीवर द्यावा. फक्त जॅकवर उभ्या असलेल्या गाडीजवळ हात घालणे जिवावर बेतू शकते. एका वेळी एकच चाक काढावे. मागच्या चाकांना डिस्क असेल आणि हातब्रेक बटणाचा असेल, तर कॅलिपर सैल करण्याच्या भानगडीत पडू नये. तो मागे घेण्यासाठी बहुधा सर्व्हिस सेंटरच्या उपकरणाची गरज लागते. छोट्या गाड्यांच्या मागच्या चाकांना ड्रम असतात. त्यांच्या बाहेरच्या गोल भागाला त्याच रंगाने रंगवता येते.

धुणे, घासणे

साचलेली ब्रेकची काळी धूळ कधीही हवेच्या नळीने किंवा फुंकून उडवू नये. जुन्या किंवा स्वस्त पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो आणि नसला तरी ती बारीक धूळ फुप्फुसांना वाईटच. तोंडाला मास्क लावावा, धूळ साबणाच्या पाण्याने ओली करून ब्रशने काढावी, चिंध्या पिशवीत बांधून टाकाव्यात.

मग तारेचा ब्रश घ्यावा. सुटा गंज, फुगलेले पापुद्रे, चिकटलेली माती सगळे काढावे. कोपऱ्यांत जुना टूथब्रश चालतो. त्यानंतर आधी ८० किंवा १२० नंबरचा आणि शेवटी २४० च्या आसपासचा पॉलिश पेपर फिरवावा. घट्ट बसलेले झिंक ओरबाडून काढायची गरज नाही, फक्त त्याची चकाकी मोडावी. रबराच्या जवळ ब्रश फिरवू नये.

आता सर्वांत महत्त्वाची सूचना. आपल्याकडे लोखंडी भाग धुवायचे म्हटले की हात रॉकेल, डिझेल किंवा पेट्रोलच्या डब्याकडे जातो. ब्रेकला ही तिन्ही वर्ज्य आहेत. कॅलिपरमधली रबरी सीले ब्रेक ऑइलला साजेशा रबराची असतात आणि खनिज तेल लागले की ती फुगतात. फुगलेले सील पिस्टनला मागे येऊ देत नाही आणि बिघाड कित्येक दिवसांनी, भर रस्त्यात कळतो. शेवटची पुसणी ब्रेक क्लीनरने किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने, स्वच्छ कापडाने करावी. कापड काळे येणे थांबेपर्यंत पुसावे. त्यानंतर उघड्या हाताने बोट लावू नये, बोटाच्या तेलावरही रंग धरत नाही.

वाळूजच्या पावडर कोटिंगच्या दुकानात सेव्हन टँक प्रोसेस अशी पाटी दिसते. रंग लावण्याआधी भाग एकामागून एक सात टाक्यांतून नेतात. त्यात तेल काढणे, गंज काढणे, फॉस्फेटचा थर देणे आणि मधली धुणी येतात. रंगाचा खरा टिकाऊपणा रंगाच्या आधीच ठरतो, हे त्या सात टाक्या सांगतात. घरी सात टाक्या नसतात, म्हणून घासण्या-पुसण्याला रंगापेक्षा तिप्पट वेळ द्यावा.

जिथे रंग नको

मास्किंग टेप आणि जाड कागद घेऊन आता त्या जागा झाकायच्या, जिथे रंगाचा थेंबही पडता कामा नये.

पहिली जागा म्हणजे डिस्कच्या दोन्ही बाजू आणि पॅड. डिस्कवर उडालेला थेंब क्लीनरने पुसता येतो, पण पॅडच्या घासणाऱ्या भागाने रंग शोषला तर तो पॅड बदलावाच लागतो.

दुसरी, सगळी रबरे. पिस्टनचे धूळ-रबर, गाइड पिनांची रबरे, ब्रेकची लवचीक नळी. रंगाने रबर कडक होऊन चिरते आणि चिरेतून पाणी आत जाते.

तिसरी, सरकत्या जागा. गाइड पिन, पॅडचे कान बसण्याच्या खाचा आणि त्यातल्या पातळ स्टीलच्या पट्ट्या.

चौथी, ब्लीडरचे निपल आणि नळीचा बोल्ट. निपलवर रंग जमला की पुढच्या वेळी ब्रेक ऑइल बदलताना ते अडते किंवा तुटते.

पाचवी, जिथे चाक आणि हब किंवा ड्रम एकमेकांना टेकतात तो सपाट पृष्ठभाग आणि नट टेकतात त्या जागा. हा मुद्दा सौंदर्याच्या नादात हमखास विसरला जातो. दोन धातूंच्या मध्ये रंगाचा थर राहिला तर तो उष्णतेने आणि दाबाने चेपतो. मग नीट आवळलेला नट आपोआप सैल पडतो.

सहावी, एबीएसचा सेन्सर आणि त्याची वायर. हे चाकाचा वेग मोजणारे नाजूक भाग आहेत.

कॅलिपर जागेवरच ठेवून रंगवावा, हे घरच्या कामासाठी उत्तम. ब्रेकची नळी कधीही सोडवू नये. ती सोडवली की हवा आत जाते आणि मग ती बाहेर काढण्याचे काम, म्हणजे ब्लीडिंग, आलेच. मागची बाजू गाठण्यासाठी गाइड बोल्ट काढून कॅलिपर सैल केलाच, तर तो नळीवर लटकत ठेवू नये, तारेने स्प्रिंगला बांधावा. त्या अवस्थेत कोणी पेडल दाबणार नाही याची घरातल्या सगळ्यांना ताकीद द्यावी. पेडल दाबले तर पिस्टन बाहेर येतो.

हात देताना

ब्रशने लावायचा रंग घरी अधिक सोयीचा पडतो, कारण तो जिथे नको तिथे उडत नाही. पहिला हात पातळ द्यावा. खालचे लोखंड दिसत राहिले तरी चालेल. जाड एकच हात दिला तर तो ओघळतो, वरून वाळतो आणि आत ओला राहतो. डब्यावर सांगितलेल्या वेळाने दुसरा आणि गरज असेल तर तिसरा हात द्यावा. काही रंगांत ठरावीक वेळ टळली की पुढचा हात दुसऱ्या दिवशीच द्यावा लागतो, नाहीतर खालचा थर सुरकुततो. म्हणून डब्यावरची वेळ काटेकोर पाळावी. स्प्रे असेल तर वीस-पंचवीस सेंटिमीटरवरून, हात फिरता ठेवून, हलके फवारे मारावेत आणि डिस्कच नव्हे तर मडगार्ड व दारापर्यंत कागद लावावा. मास्किंग टेप रंग पूर्ण कडक होण्याआधी काढावी, म्हणजे कडा तुटत नाहीत.

चाक लगेच बसवू नये, रात्रभर तरी वाळू द्यावे. बसवताना नट आधी हाताने, मग आडव्या-तिरप्या क्रमाने आवळावेत आणि शेवटी टॉर्क पान्याने, गाडीच्या पुस्तकात दिलेल्या आकड्यापर्यंत. हा आकडा गाडीगणिक बदलतो, छोट्या गाड्यांत तो बहुधा कमी असतो. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासावेत. इंजिन सुरू करून गाडी हलवण्याआधी पेडल दोन-चार वेळा दाबून ते घट्ट लागते याची खात्री करावी. पहिले दोन-तीन दिवस मोकळ्या रस्त्यावर सौम्य ब्रेक लावत चालवावे, घाट टाळावा. रंग हळूहळू तापून पक्का होतो आणि या काळात थोडा वास येणे स्वाभाविक आहे.

दुचाकीचा कॅलिपर

मोटारसायकलचा कॅलिपर बहुधा ॲल्युमिनियमचा असतो आणि त्याचे नियम वेगळे. तो बिडासारखा तांबूस गंजत नाही. त्याच्यावरचा मूळचा थर म्हणजे ॲनोडायझिंग असेल किंवा कारखान्यातला रंग. पॉलिश पेपरने तो खरवडला तर उघड्या ॲल्युमिनियमवर साधा रंग टिकत नाही, आधी ॲल्युमिनियमसाठीचा प्रायमर लागतो. पावडर कोटिंग उत्तम दिसते, पण ते १८० ते २०० अंशांच्या भट्टीत पिकवावे लागते. म्हणजे त्याआधी कॅलिपर पूर्ण खोलून पिस्टन आणि सीले बाहेर काढायला हवीत आणि नंतर नवी सीले घालून, नवे ब्रेक ऑइल भरून ब्लीडिंग करायला हवे. हे काम जाणकार मेकॅनिकचे आहे. दुचाकीला ब्रेक एकाच चाकाचा कमी पडला तरी माणूस पडतो, म्हणून इथे घरगुती प्रयोग धडापुरताच, बाहेरून आणि जागेवरच करावा.

चाक निघालेच आहे, तर

ज्या दुपारी हे काम कराल, त्या दुपारी आणखी काही गोष्टी पाहून घ्या. पॅडचे घासणारे मटेरियल तीन मिलिमीटरपेक्षा कमी उरले असेल तर पॅड बदला. आतला आणि बाहेरचा पॅड सारखे झिजले आहेत का पाहा. फरक मोठा असेल तर गाइड पिन अडकत आहेत, त्यांना ब्रेकसाठीचे सिलिकॉन ग्रीस लागेल, बेअरिंगचे साधे ग्रीस नव्हे. डिस्कच्या कडेला उंच काठ झाला असेल तर तिची जाडी मोजून घ्या, किमान जाडी बहुधा डिस्कवरच कोरलेली असते. रबराला चीर, नळीला फुगवटा किंवा कुठेही ओलसरपणा दिसला तर रंगाचा डबा बाजूला ठेवा आणि गाडी मेकॅनिककडे न्या. गळणाऱ्या ब्रेकवर रंग देणे म्हणजे बिघाड झाकणे. ब्रेक ऑइल दोन वर्षांत बदलले नसेल तर तेही सांगा.

वाळूज-चिकलठाण्याच्या कारखान्यांत कॅलिपरचा प्रत्येक तुकडा मोजमाप, दाबाची चाचणी आणि तपासणी पार करूनच बाहेर पडतो. गाडी घरी आल्यावर ती तपासणी करणारे कोणी उरत नाही आणि ब्रेककडे आपण तो आवाज करू लागला तरच पाहतो. रंगाच्या हौसेने वर्षातून एकदा चार चाके निघणार असतील, खाचा घासल्या जाणार असतील, रबरे आणि पॅड डोळ्यांखालून जाणार असतील, तर ही हौस प्रत्येक गाडीवाल्याने जरूर करावी. मुलामुलींनाही सोबत घ्यावे आणि कुठे ब्रश टेकवायचा नाही हे कारणासकट दाखवावे. ज्या गाडीत ती रोज बसतात, ती कशी थांबते हे त्यांना माहीत असायलाच हवे.